पल्ल्याची मिठाई आणि मुक्कामाची मिठाई

प्रवासाहून परतलेल्या माणसास घरांतील मुलें जो पहिला प्रश्न विचारतात, तो देवळांविषयीं किंवा किल्ल्यांविषयीं नसतो, "खाऊ काय आणला?" हाच असतो. प्रश्न पोरकट वाटला तरी अगदींच अडाणीपणाचा नाहीं. गांवाची ओळख पुष्कळदां त्याच्या मिठाईनें होते. सातारा म्हटलें कीं कंदी पेढा, बेळगांव म्हटलें कीं कुंदा, नागपूर म्हटलें कीं संत्र्याची बर्फी, लोणावळें म्हटलें कीं चिक्की, नरसोबाची वाडी म्हटलें कीं बासुंदी, हीं जोडनांवें मराठी घरांत लहानथोरांच्या तोंडीं बसलेलीं आहेत. परंतु गांव आणि पदार्थ ह्यांचा हा संबंध कशामुळें जडला, आणि तो खरेपणानें टिकावयाचा तर काय केलें पाहिजे, ह्याचा विचार डबा उघडतांना फारसा कोणी करीत नाहीं.

प्रवाशाच्या सोयीनें पाहिलें तर मिठाईचे दोन वर्ग पडतात. कांहीं पदार्थ पल्ल्याचे असतात, कांहीं मुक्कामाचे. ज्यांत पाण्याचा अंश थोडा, त्यांस दूरचा प्रवास मानवतो. गुळाचा पाक पक्का करून त्यांत भाजलेले दाणे मिसळले कीं होणारी चिक्की कोरड्या डब्यांत आठवडेच्या आठवडे टिकते. बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला आणि घाट चढून आलेल्या गाड्या लोणावळ्यास थांबूं लागल्या; फलाटावर चटकन घेतां येणारा व वाटेंत न सांडणारा हा खाऊ तेथें रुजावा, ह्यांत नवल नाहीं. सातारच्या पेढ्याचा खवा तांबूस होईपर्यंत परततात. त्यामुळें त्यांतील ओल उडते, रंग चढतो, आणि साखरेचा वाटा कमी असूनही चव खमंग लागते. माहीमच्या हलव्याचे पातळ पापुद्रे तर कागदांच्या मध्यें एकावर एक बसून निघतात. जणूं ते प्रवासासाठींच जन्मलेले!

बासुंदीचें तसें नाहीं. कृष्णा आणि पंचगंगा ह्यांच्या संगमावरील वाडीस दत्ताचें दर्शन घेऊन बाहेर पडलेल्या यात्रेकरूनें ती तेथेंच बसून खावी. उन्हाळ्याच्या दिवसांत बाटलींत भरून पुण्यामुंबईस नेलेली बासुंदी चवीस तर मुकतेच, पण केव्हां केव्हां पोटासही नडते. वाडीहून कांहीं न्यावयाचेंच असेल तर तेथील कवठाची बर्फी न्यावी. जो पदार्थ गांव सोडीत नाहीं, त्याच्यासाठीं माणसानें गांवीं जावें. तो प्रवासाचाच एक हेतु समजावा.

कधीं कधीं मात्र मिठाई नव्हे, तर ती करणारा हात प्रवास करतो. धारवाडचा पेढा हें त्याचें उत्तम उदाहरण होय. उत्तर प्रदेशांतील उन्नावकडील एक ठाकूर घराणें प्लेगच्या दिवसांत गांव सोडून धारवाडास येऊन राहिलें. हातची विद्या उत्तरेची. दूध मात्र धारवाडच्या गवळ्यांच्या म्हशींचें. ह्या संयोगांतून जो काळसर, वरून पिठीसाखरेंत घोळलेला पेढा निघाला, तो पुढें त्या शहराच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला, आणि आज त्यास भौगोलिक मानांकनही लाभलें आहे. परक्या गांवाहून आलेली विद्या तेथल्या दुधाशीं एकजीव झाली, म्हणजे ती परकी राहत नाहीं.

खव्याचा हा मुलूख ओलांडून जो बंगालकडे जातो, त्याची छेन्याशीं, म्हणजे नासवलेल्या दुधाच्या चोथ्याशीं, गांठ पडते. कोलकात्यांतील बागबाजारच्या नवीनचंद्र दास ह्यांचें नांव रसगुल्ल्याशीं जोडलेलें असून त्यासाठीं १८६८ हें साल सांगतात. ओडिशाचें म्हणणें असें कीं, हा पदार्थ पुरीच्या जगन्नाथाच्या नैवेद्यांत पूर्वापार चालत आलेला आहे. बंगालच्या रसगुल्ल्यास २०१७ सालीं व ओडिशाच्या रसगुल्ल्यास २०१९ सालीं वेगवेगळें मानांकन मिळालें. प्रवाशानें ह्या वादांत पक्ष न घेतां दोन्ही चाखून पाहावे; एक पांढरा व लवचिक, दुसरा तांबूस व मऊ, हा भेद जिभेस आपोआप कळतो. पाकासह बंद डब्यांत भरल्यामुळें रसगुल्ला पुढें पल्ल्याचा झाला, तरी ताज्याची सर डब्यांतील रसगुल्ल्यास येत नाहीं. खजुरीच्या नव्या गुळाचा संदेश तर मुक्कामाचाच काय, ऋतूचाही बांधलेला आहे. झाडास रस येतो हिंवाळ्यांत, आणि खरा पदार्थही तेव्हांच मिळतो.

चुलीवरून भट्टीकडे वळलें तरी हाच नियम दिसतो. गोव्याच्या बेबिंक्यांत पोर्तुगिजांची अंड्याच्या पिवळ्या बलकाची आवड दिसते. पण त्यांतील नारळाचें दूध कोंकणच्या भूमीचें. पिठाचा एक थर ओतावयाचा, वरून निखाऱ्यांची धग देऊन तो भाजावयाचा, आणि तो तयार झाल्यावरच दुसरा ओतावयाचा. असे सात किंवा त्याहूनही अधिक थर व्हावयाचे. येथें घाई करणाऱ्याचें काम नाहीं. सुरतेची नानखटाई डच लोकांच्या पावाच्या भट्टींतून पारशी कारागिराच्या हातीं आलेल्या विद्येनें घडली, अशी हकीकत सांगतात. मुंबईच्या इराणी व पारशी बेकऱ्यांतून मिळणारा मावा केक पाहावा: आकार विलायती, पण पोटांत आपला खवा आणि वेलदोडा.

अशा दुकानांत शिरणाऱ्यानें पाटीपेक्षां भट्टीकडे अधिक पाहावें. एका नांवलौकिकाच्या पदार्थाभोंवतीं "मूळ" आणि "अस्सल" अशा पाट्यांची रांग लागते, व नांव सर्वत्र राहून पदार्थ मात्र हळूहळू पालटतो. म्हणून प्रथम थोडेंच घ्यावें, चाखावें, मग डबा बांधावयास सांगावा. पदार्थ केव्हां केला, हें विचारण्यांत संकोच नसावा. सुट्या मिठाईपुढें ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास योग्य आहे हें लिहून ठेवणें १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदारांस बंधनकारक करण्यांत आलें. प्रामाणिक हलवायास ह्या प्रश्नाचा राग येत नाहीं. उलट गिऱ्हाईक जाणतें आहे, ह्याचा त्यास आनंदच वाटतो.

परंतु जाणतें गिऱ्हाईक तयार होतें कोठें? तें घरांत तयार होतें. ज्या मुलानें दूध आटतांना पाहिलें आहे, त्यास खव्याची किंमत निराळी शिकवावी लागत नाहीं. एक लिटर म्हशीच्या दुधाचा खवा साधारण दोनशे ग्रॅम पडतो. म्हणजे एक किलो खव्यास सुमारें पांच लिटर दूध लागतें. आतां सणासुदीस एखाद्या ठिकाणीं पांच लिटर दुधाच्या किमतीहूनही खवा स्वस्त मिळूं लागला, तर उरलेलें वजन कशाचें, हा हिशेब त्या घरांतील मूलही करूं शकतें. शंका आलीच तर थोडा खवा पाण्यांत उकळून, गार झाल्यावर त्यांत आयोडिनाचे दोन थेंब टाकावे. निळा रंग आला तर त्यांत पिठूळ पदार्थाची भेसळ आहे असें समजावें. ज्या घरांत टांगलेल्या दह्याचा चक्का एकदां तरी झाला आहे, तेथें दुकानच्या श्रीखंडांत आंबटपणा किती दह्याचा आणि गोडी किती नुसत्या साखरेची, हें बोटावर घेतांच समजतें.

हल्लीं दिवाळीच्या फराळापासून पुरणपोळीपर्यंत सर्व कांहीं विकत मिळतें, व तें घेण्यांत कमीपणाही नाहीं. अनारशांसाठीं तीन दिवस तांदूळ भिजवून रोज पाणी बदलण्यास दोघेही नोकरी करणाऱ्या घरांत सवड कोठून असावी? शिवाय पूर्वींचे हे सारे कष्ट एकट्या गृहिणीच्या माथीं होते. तिच्यावर सर्व भार टाकून इतरांनीं घरच्या चवीचे गोडवे गावे, हा न्याय नव्हे. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांनीं १९१० सालीं एक हजार पाकक्रियांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या हजारांपैकीं आजच्या घरानें वर्षास एक जरी मन लावून केली, आणि कढईशीं बाप व मुलगेही आळीपाळीनें उभे राहिले, तरी पुष्कळ साधेल.

कारण धोका आहे तो येथेंच. ज्या दिवशीं कोणत्याही घरांत पेढा वळला जाणार नाहीं, त्या दिवशीं खऱ्या पेढ्याची साक्ष द्यावयास कोणी उरणार नाहीं. मग चांगल्या हलवायाच्या मेहनतीचीही कोणास कदर राहणार नाहीं. तो पांच लिटर दूध आटवीत बसेल, शेजारचा पिठावर भागवील, आणि गिऱ्हाईक दोघांस एकाच मापानें मोजून स्वस्ताकडे वळेल. तेव्हां घर आणि दुकान एकमेकांचीं वैरी नाहींत. घरानें जीभ तयार करावी, आणि दुकानानें त्या जिभेस उतरावें.

म्हणून पुढच्या प्रवासांत पल्ल्याची मिठाई डब्यांत भरून आणावी, मुक्कामाची तेथेंच बसून निवांतपणें खावी, आणि घरीं परतल्यावर एका रविवारीं जाड बुडाच्या कढईंत लिटरभर दूध चुलीवर चढवावें. खवा झाल्यावर त्याचा तुकडा आणि आणलेल्या पेढ्याचा तुकडा मुलांच्या तळहातांवर शेजारीं शेजारीं ठेवावा. कोणता चांगला, हें मोठ्यांनीं सांगूं नये. मुलांनाच ठरवूं द्यावें.