मालाची जबाबदारी कोणाची?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावून सांगितलंय, "तुझ्या कॉम्प्युटरवर बोल, पण जेवणाआधी कोणी झोपणार नाही असं बोल." म्हणून मी कॉम्प्युटरवर कमी आणि खोक्यांवर जास्त बोलणार आहे. पनवेलच्या माणसांना खोकी समजावून सांगावी लागत नाहीत. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, कळंबोलीत लोखंड बाजार आला, पुढे द्रुतगती मार्ग झाला, आणि आपल्या गावाभोवती ट्रक, गोदामं आणि कंटेनर यांचा वेढाच पडला. या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, कोणी क्लिअरिंगमध्ये आहे, कोणाचे वडील माथाडी होते. मी इंजिनिअर होऊन सॉफ्टवेअरमध्ये गेले आणि फिरून शेवटी मालवाहतुकीतच आले. काही वर्षं एका मालवाहतूक कंपनीसाठी प्रणाली तयार करण्याचं काम केलं. तिचं नाव घेत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते अनेक कंपन्यांत थोड्याफार फरकानं घडतं.

प्रश्न साधा आहे. माल फुटला, भिजला, चेपला, तर भरपाई कोणी करायची?

कायद्याचं उत्तर बरंच स्पष्ट आहे. आपल्याकडे १८६५ पासून वाहतूकदारांचा कायदा होता. त्याची जागा २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानं घेतली आणि त्याचे नियम २०११ मध्ये आले. मालाचं नुकसान झालं तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचं ओझं माल पाठवणाऱ्यावर नाही. भरपाईला मात्र मर्यादा आहे: मालाची जास्त किंमत आधी जाहीर केली नसेल, तर भाड्याच्या दहापट. म्हणजे ८०० रुपये भाडं दिलं असेल तर जास्तीत जास्त ८,००० रुपये, मग आतला माल लाखाचा का असेना. आणि दावा लावायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. दुकान चालवणाऱ्या मित्रांनो, या दोन गोष्टी लिहून ठेवा. बिल्टीवर 'ओनर्स रिस्क' असा शिक्का मारला की आपण सुटलो असं पुष्कळ वाहतूकदारांना वाटतं. २००० साली नाथ ब्रदर्स एक्झिम विरुद्ध बेस्ट रोडवेज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्या शिक्क्यामुळे वाहतूकदार स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटत नाही.

हे झालं कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्यातलं. कंपनीच्या आत काय होतं ते मी जवळून पाहिलं.

एक खोकं कारखान्यातून निघतं, हुंडेकऱ्याच्या गोदामात उतरतं, मोठ्या गाडीत चढतं, आपल्याकडच्या एखाद्या गोदामात पुन्हा उतरतं, मग छोट्या टेम्पोतून दुकानात जातं. पाच-सहा वेळा हात बदलतात. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी 'माल सुस्थितीत मिळाला' असं लिहून सही करतो. कोणी खोकं वळवून पाहत नाही, कारण मागे गाड्यांची रांग असते आणि गोदामात धड उजेडही नसतो. शेवटी दुकानदार खोकं उघडतो आणि आतली काच फुटलेली निघते. त्या क्षणी समोर कोण असतं? टेम्पोवाला. म्हणजे नुकसान जिथे उघडकीस आलं तिथला माणूस नुकसान करणारा ठरतो.

आणखी एक गाठ आहे. पोहोच पावतीवर दुकानदारानं शेरा मारला की गाडीवाल्याचं उरलेलं भाडं अडकतं. त्यामुळे ड्रायव्हर हातापाया पडतो, "शेठ, शेरा नका मारू." दुकानदारालाही दया येते, तो सही करतो आणि नंतर कंपनीला फोन करून भांडतो. कागद स्वच्छ, माल फुटका. अशा कागदांतून कंपनीला काय कळणार?

मला काम दिलं गेलं ते असं: मोबाईल अ‍ॅपमध्ये 'नुकसान' असं बटण हवं. ते दाबलं की ज्याच्या ताब्यात माल होता त्याचं नाव आपोआप यावं आणि रक्कम त्याच्या पुढच्या हिशेबातून आपोआप कापली जावी. बैठकीत साहेब म्हणाले, "जबाबदारी ठरली पाहिजे." मी म्हटलं, "सर, यात जबाबदारी ठरत नाही, फक्त कापायचं कोणाचं एवढं ठरतंय." खोलीत शांतता पसरली. माझ्याशेजारी बसलेल्या हिशेबनीसानं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला.

नुसतं बोलून भागणार नव्हतं, म्हणून मी मागच्या पावसाळ्यातले भिजलेल्या मालाचे दावे काढले. आतापर्यंत ते ड्रायव्हरच्या नावाप्रमाणे लावले जायचे. मी ते गोदामाच्या दारांप्रमाणे लावून पाहिले. बहुतेक भिजलेला माल एकाच दारातून आत आलेला होता. तिथे जाऊन पाहिलं तर वरची पन्हळ फुटलेली, आणि गाडीचं मागचं फळकं उघडलं की धार थेट वरच्या थरावर. आपल्या कोकणातल्या पावसाबद्दल मी काय सांगू! गंमत म्हणजे, गंमत तरी कसली, हे तिथल्या प्रत्येक हमालाला आणि ड्रायव्हरला ठाऊक होतं. चहाच्या टपरीवर त्यांनी ते मला दोन मिनिटांत सांगितलं. कागदावर कोणीच लिहिलं नव्हतं, कारण जो लिहिणार त्याच्याच नावावर ते खोकं चढणार.

याबाबतही कायदा आहे, हे मला तेव्हा वाचताना कळलं. १९३६ च्या वेतन कायद्यानुसार नोकराच्या पगारातून नुकसानीची रक्कम कापायची असेल, तर तो माल खास त्याच्या ताब्यात दिलेला असावा लागे, नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झालेलं असावं लागे, आणि आधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागे. २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व कायम आहे. पण कंत्राटावरचा गाडीवाला पगारी नोकर नसतो, त्याच्या वाट्याला हे संरक्षण सहसा येत नाही. आपल्या राज्यात अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला, तेव्हा कुठे पाठीवर ओझं वाहणाऱ्याची नोंद झाली आणि त्याच्या मजुरीला मंडळाचा आधार मिळाला. स्टिअरिंगवर बसलेल्याचं अजून तसं झालेलं नाही.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन या प्राध्यापिकेनं १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या गटात चुका कमी असतील असं तिला वाटलं होतं. निघालं उलटंच, चांगल्या गटांत चुकांच्या नोंदी जास्त होत्या. तिनं उलगडा केला तो असा की तिथल्या परिचारिका चुका जास्त करत नव्हत्या, त्या बोलायला घाबरत नव्हत्या.

आमच्याकडे अगदी तेच झालं. पन्हळ दुरुस्त झाली. आपोआप कपात त्या एका गोदामापुरती थांबवायला साहेब तयार झाले. नुकसान दिसताक्षणी जो फोटो काढून कळवेल, त्या नोंदीवरून त्याचे पैसे कापायचे नाहीत असं ठरलं. पहिल्याच महिन्यात नोंदी वाढल्या आणि वरून विचारणा आली, "तुमच्या अ‍ॅपमुळे नुकसान वाढलं का?" नुकसान तेवढंच होतं, दिसायला लागलं होतं. हे पटवून द्यायला दोन बैठका लागल्या. मग जड खोकी हलक्यांवर चढवणारा कारखाना कोणता, फाटक्या ताडपत्रीच्या गाड्या कोणत्या, हेही दिसू लागलं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. त्या पावसाळ्यात एका ड्रायव्हरचे पैसे त्याच दारातल्या मालासाठी कापले गेले होते. ते त्याला परत मिळावेत म्हणून मी लिहिलं. "त्या वर्षाचा हिशेब बंद झाला," असं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलं, तेच उत्तर. तोवर तो गाडी घेऊन दुसरीकडे गेला होता. पन्हळ बदलायला पैसे निघाले, त्याचे निघाले नाहीत. हे मला अजून सलतं, म्हणून इथे सांगते आहे.

कोणी म्हणेल, मग काय सगळ्यांना माफ करायचं? अजिबात नाही. चोरी, दारू पिऊन गाडी चालवणं, मुद्दाम लपवणं, यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण लपवणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला एकच दंड असेल, तर शहाणा माणूस लपवेलच.

आपल्या प्रयोगशाळेत एक वही असायची, आठवतंय? चंचुपात्र किंवा परीक्षानळी फुटली की तीत नोंद करायची. विज्ञानाच्या बाई म्हणायच्या, "फुटलं तर आधी सांगा. काच कोणाच्या तरी पायात जाईल." किंमत नंतर विचारायच्या, आधी काच गोळा करायच्या. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, बैठकीत मी इंग्रजी शब्द बरेच वापरले, पण मुद्दा तुमचाच मांडला होता.

आपल्यातले पुष्कळ जण आता मालक आहेत, साहेब आहेत, कोणी मुख्याध्यापक आहेत. माझी एवढीच विनंती आहे. काही बिघडलं की 'कोणी केलं?' याच्या आधी 'कुठे आणि कसं झालं?' असं विचारा. सांगायला येणाऱ्याला बसायला खुर्ची द्या. आणि चुकीनं कोणाचे पैसे कापले गेले असतील, तर वर्षाचा हिशेब बंद झाला तरी ते परत करा.

जेवण तयार आहे असा मागून इशारा आलाय.