मध्यस्थाची जागा



ह्या व्यासपीठावर गेला आठवडाभर विद्वान मंडळी बोलून गेली. त्यांच्यामागून सातवीनंतर शाळा सुटलेल्या माणसास उभे करावे, आणि विषय द्यावा 'मध्यस्थी', ह्यात चालकांनी आमची थोडी थट्टाच केली आहे. तीस वर्षे आम्ही युनियनचे काम करतो. भांडणे लावणारा माणूस म्हणूनच आमची ख्याती. पण भांडण मिटते कसे आणि चिघळते कसे, हे भांडणाऱ्यालाच सर्वांत जवळून दिसते. तेवढ्याच अधिकाराने बोलणार आहोत.

आपल्याकडे तिघांची नेहमी गल्लत होते. न्यायाधीश निकाल देतो. लवादही निकालच देतो. फरक इतकाच, की त्याला सहसा आपण राजीखुशीने नेमलेले असते. मध्यस्थ निकाल देतच नाही. 2023 साली संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला. तडजोड लादण्याचा अधिकार ज्याला नाही असा तिऱ्हाईत, हे त्यातल्या व्याख्येतच सांगितले आहे. गावात मात्र मध्यस्थी म्हणजे चार वजनदार माणसांनी ओसरीवर बसून दोघांना दटावणे, हाच अर्थ अजून चालतो.

मग ज्याच्या हाती अधिकार नाही तो करतो तरी काय?

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका फौंड्रीत आमची युनियन होती. पावसाळा सुरू झाला आणि रिजेक्शन वाढले. कास्टिंगला आतून भोके पडू लागली. व्यवस्थापनाने मोल्डरांच्या पगारातून रिजेक्ट मालाचे पैसे कापावयास सुरुवात केली. आम्ही मागणी केली : कपात बंद करा, कापलेले सगळे परत द्या. साहेब म्हणाले, हा तुमच्या हलगर्जीपणाचा दंड आहे. संपाची नोटीस गेली आणि प्रकरण कामगार खात्यातल्या समेट अधिकाऱ्यांपुढे आले.

पहिल्या दोन बैठकी वाया गेल्या. आम्ही भाषण केले, साहेबांनी भाषण केले. आमचे जास्त चांगले झाले असे आमच्या लोकांचे मत पडले. तिसऱ्या बैठकीला त्या अधिकाऱ्याने आम्हांस एका खोलीत आणि साहेबांना दुसऱ्या खोलीत बसवले. आमच्याकडे येऊन त्याने विचारले, "समजा, उद्यापासून कपात थांबली आणि भोके पडतच राहिली, तर पुढच्या वर्षी तुमचे काय?" ह्या प्रश्नास आमच्याकडे उत्तर नव्हते. तेवढ्यात आमच्यातला एक म्हातारा मोल्डर म्हणाला, "साहेब, पैशाचं मागनं बघू. माझा माल माझ्या माघारी फोडत्यात आन् कागदावर माझं नाव घालत्यात. मला एकदा तरी दावा की."

मागणीपत्रात हे कुठेही नव्हते. मागणीपत्र आम्हीच लिहिले होते.

पलीकडच्या खोलीत साहेबांनी सांगितले, की गिऱ्हाईक माल परत पाठवीत आहे आणि ऑर्डर जाण्याची वेळ आली आहे. आम्ही त्याचा फायदा घेऊ म्हणून ते आजवर बोलले नव्हते. त्यांच्या परवानगीने ते आम्हांस कळले. मग वाळूचा विषय निघाला. वाळूतला ओलावा तपासणारा माणूस फक्त दिवसपाळीला येई. रात्रपाळीत अंदाजाने पाणी मारले जाई, त्यात बाहेर पावसाची ओल. वाळूत पाणी जास्त झाले की तप्त रसाने त्याची वाफ होते, आणि ती बाहेर पडली नाही की धातूत भोक राहते. हे मोल्डरांना ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नव्हते.

करार झाला. प्रत्येक पाळीला काम सुरू होण्यापूर्वी वाळूची तपासणी करावयाची आणि आकडा फळ्यावर लिहावयाचा. रिजेक्ट माल मोल्डरासमक्षच पाहावयाचा. कपात बंद. कापलेल्यातले निम्मे परत. ते निम्मे आम्हांस गिळावे लागले. काही सभासदांनी शिव्या दिल्या. एक जण अजून देतो, आणि त्याचे अगदीच चुकते असे नाही.

ह्यावरून कोणी असे समजू नये, की गोड बोलणारा अधिकारी भेटला म्हणजे झाले. साहेब त्या खोलीत आले ते समेटाच्या प्रेमाने नव्हे. अडीचशे सह्यांची नोटीस त्यांच्या टेबलावर होती, म्हणून आले. ज्याला 'नाही' म्हणता येते त्याच्याशीच तडजोड होते. ज्याला ते म्हणता येत नाही त्याच्याकडून फक्त सही घेतली जाते.

अहमदाबादचा 1918 चा लढा ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. प्लेगच्या दिवसांत मजूर शहर सोडून जाऊ नयेत म्हणून गिरणीमालकांनी जादा बोनस दिला होता. साथ ओसरल्यावर तो काढून घेतला. महागाई काही ओसरली नव्हती. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, आणि विणकरांच्या पाठीशी त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. लवाद मंडळ नेमले गेले आणि मोडले. 22 फेब्रुवारीस टाळेबंदी झाली. मालक 20 टक्क्यांवर अडले, कामगारांनी 35 टक्क्यांची प्रतिज्ञा घेतली. 15 मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभले आणि तीन दिवसांत तोड निघाली ती अशी : पहिल्या दिवशी 35 टक्के, दुसऱ्या दिवशी 20, तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निर्णय होईपर्यंत साडेसत्तावीस. लवाद आनंदशंकर ध्रुव ह्यांनी पुढे 35 टक्केच ठरवले.

एक दिवस ह्याचा, एक दिवस त्याचा, हा आमच्या काही मित्रांना पोरखेळ वाटतो. आम्हांस वाटत नाही. दोन्ही पक्षांची प्रतिज्ञा एकेक दिवस खरी ठरली आणि मग पोटाचा हिशेब करण्यास दोघेही मोकळे झाले. अर्थात गांधीजी तेथे मध्यस्थ नव्हते, कामगारांच्या बाजूचे होते. उपोषणाचा मालकांवर दाब पडला, हा त्यातला दोष त्यांनी स्वतःच 'आत्मकथे'त कबूल केला आहे.

उलट उदाहरण मुंबईचे. 18 जानेवारी 1982 ला गिरणीसंप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे गेले. पण मुंबईच्या 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे बोलणी करण्याचा हक्क दुसऱ्याच, मान्यताप्राप्त संघटनेकडे होता. कामगारांचा ज्याच्यावर विश्वास त्याला खुर्ची नाही, आणि ज्याला खुर्ची त्याच्यावर विश्वास नाही. अशा ठिकाणी मध्यस्थाने बसावे तरी कोणामध्ये? तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावाचे पुढे काय झाले, ते आपण जाणता.

आता घराकडे वळू. घरातल्या भांडणात अडीचशे सह्या नसतात. तेथे 'नाही' म्हणण्याची ताकद कोठून यावी? 2007 साली महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम निघाली. बांधाचे, पाणंदीचे जुने वाद तिच्यामुळे मिटलेले आम्ही पाहिले आहेत. पण मिटवलेल्या तंट्यांवर गावाला बक्षीस असले, की मिटवण्याची घाई होते. जातपंचायतींची तऱ्हा तर निराळीच. त्या स्वतःस न्यायी म्हणवीत आणि न ऐकणाऱ्यास वाळीत टाकीत. 2016 साली त्याविरुद्ध राज्याला कायदा करावा लागला.

दुसऱ्यांस नावे ठेवणे सोपे आहे, म्हणून आमचीच गोष्ट सांगतो. आमच्या सभासदाची बायको माहेरी निघून गेली होती. तो रडत आमच्याकडे आला. आम्ही दोघांना कचेरीत बसवले. नवरा, त्याचे थोरले भाऊ, आम्ही, आमचे दोन कार्यकर्ते आणि ती एकटी. "वहिनी, झालं गेलं विसरा," असे आम्ही म्हणालो. तिने मान हलवली. चहा झाला. आम्हांस फार समाधान वाटले. तीन आठवड्यांनी ती हात मोडून दवाखान्यात आली.

आम्ही भेटावयास गेलो तेव्हा ती म्हणाली, "आण्णा, त्या दिवशी तुम्ही मला काही विचारलंच नाही."

मग विचारले. सगळ्यांसमोर नव्हे, आमच्या घरी, आमची बायको जवळ असताना. तिला परत जावयाचे नव्हते. मारहाणीची तक्रार ती करणार होती, आणि ती आम्ही मध्ये पडून थांबवावी हे तिला मान्य नव्हते. तिचे म्हणणे दोनच वस्तूंपुरते होते : मुलाचा शाळेचा दाखला आणि तिच्या आईने दिलेले शिवणयंत्र. तेवढ्यासाठी आम्ही त्या घरी चार वेळा गेलो. सभासद आमच्यावर रागावला, वर्गणीही त्याने बंद केली. चौथ्या खेपेस त्याच्या थोरल्या भावाने दाखला आणून दिला, आणि यंत्र टेम्पोत चढवण्यास स्वतःच हात लावला.