घर उबदार, पण नळाला गार पाणी

लंडनमधील एखादे मराठी बिऱ्हाड डोळ्यांपुढे आणावे. जानेवारीचा महिना आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी आई इंदूरहून आलेली आहे. बाहेर कडाक्याची थंडी असली, तरी भिंतीलगतचे रेडिएटर तापलेले असल्यामुळे खोल्या उबदार आहेत. बाळाच्या अंघोळीची वेळ होते, न्हाणीघरातील गरम पाण्याचा नळ सोडला जातो, आणि कितीही वेळ वाहू दिला तरी पाणी गारच येते. “अगं, चूल तर पेटलेली आहे, मग पाणी का तापत नाही?” असे आई मुलीला विचारते. प्रश्न साधा आहे. पण बिघाडाचे अर्धे निदान त्या प्रश्नातच झालेले आहे.

आपल्याकडील तांब्याचा बंब म्हणजे एक विस्तव आणि एक काम. ब्रिटनमधील घरांत सर्रास आढळणाऱ्या ‘कॉम्बी’ बॉयलरमध्ये विस्तव एकच, पण कामे दोन असतात. रेडिएटरांतले पाणी बंदिस्त असते. तेच ते पाणी तापून फिरते व परत येते. नळाचे पाणी मात्र रस्त्यावरील जलवाहिनीतून ताजे येते. ही दोन पाणी एकमेकांत कधीच मिसळत नाहीत. पातळ धातूच्या पत्र्यांची एक घट्ट जुडी बॉयलरमध्ये असते. तिच्यात एका पत्र्याच्या अलीकडून बंदिस्त गरम पाणी जाते आणि पलीकडून नळाचे थंड पाणी जाते. उष्णता तेवढी पत्र्यातून पलीकडे उतरते.

गरम पाणी रेडिएटरांकडे धाडावे की या जुडीकडे, हे एक त्रिमार्गी झडप ठरविते. रेल्वेचा सांधा बदलला की गाडी दुसऱ्या रुळावर जाते, तसेच हे आहे. नळ सोडताच पाण्याच्या प्रवाहाने एक छोटी चकती फिरू लागते, तिची वर्दी बॉयलरला मिळते, झडप सांधा बदलते आणि तेवढा वेळ रेडिएटर विसावा घेतात. नळाचा मान नेहमी पहिला असतो.

तेव्हा रेडिएटर तापत असतील, तर गॅस येतो आहे, ज्वाला पेटते आहे, आणि बंदिस्त पाणी फिरविणारा पंपही चालू आहे, एवढे सिद्ध झाले. दोष आहे तो विस्तवापासून नळापर्यंतच्या वाटेत. ही वाट घरातल्या माणसाला एकही स्क्रू न काढता तपासता येते.

प्रथम घरातील सर्व गरम नळ एकेक करून सोडून पाहावेत. एकाच नळाला गार पाणी येत असेल, तर दोष बॉयलरचा नसून त्या नळाचा किंवा शॉवरमधील मिश्रण करणाऱ्या झडपेचा आहे. नंतर बॉयलरवरील नळाच्या पाण्याचे बटण कुणी कमी करून ठेवले आहे काय, ते बघावे. दाबाचा काटा यंत्र थंड असताना साधारणपणे 1 ते 1.5 बारच्या दरम्यान असावा.

एवढ्याने उलगडा झाला नाही, तर खोल्या तापविणारी योजना बंद करून रेडिएटर निवू द्यावेत, आणि मग गरम नळ पूर्ण सोडून बॉयलरकडे कान द्यावा. बॉयलर मुकाच राहिला, तर प्रवाहाची वर्दी त्याला पोचलेली नाही. चकती अडकली असेल, किंवा पाणी आत येण्याच्या तोंडाशी असलेल्या जाळीत कचरा साचला असेल. बॉयलर पेटला, पण नळाऐवजी रेडिएटरच तापू लागले, तर सांधा बदललेला नाही; त्रिमार्गी झडप अडकली आहे. बॉयलर पेटतो, क्षणात विझतो, आणि पाणी कधी कढत तर कधी गार येते, अशी तऱ्हा असेल, तर पत्र्यांच्या जुडीत क्षार साचल्याचा किंवा पाण्याची उष्णता मोजणारा भाग बिघडल्याचा संशय घ्यावा.

क्षारांचे हे दुखणे लंडन व आग्नेय इंग्लंडमध्ये विशेष आहे. कारण तेथील पाणी खडू व चुनखडीच्या थरांतून आलेले, म्हणून जड असते. ते तापले की चुना बाहेर पडून पत्र्यांवर पुटे चढतात. बोअरच्या पाण्याने आपल्या पातेल्याच्या बुडाशी पांढरे कवच धरते, तोच हा प्रकार. उलट ग्लासगो शहराला 1859 पासून कॅट्रिन सरोवराचे मृदू पाणी मिळते. तेथे हा त्रास क्वचितच होतो.

काही घरांत कॉम्बीऐवजी गरम पाण्याची मोठी टाकी असते. तेथे नळाच्या पाण्याचे वेळापत्रक वेगळे लावलेले असते, ते आधी पाहावे. टाकीवरील तापनियामक साधारणपणे 60 अंश सेल्सियसवर असावा. त्याहून फार खाली साठविलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे घातक जंतू वाढू शकतात. तेही ठीक असेल, तर विजेवर चालणाऱ्या झडपेचा संशय येतो. अशा टाकीत बहुधा विजेचा तापक असतो. दुरुस्ती होईपर्यंत त्यावर काम भागते.

येथपर्यंत घरच्या माणसाची हद्द. गॅस आणि ज्वाला ज्या पेटीत आहेत, ती त्याने उघडू नये. अर्धवट जळलेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच प्राण घेतो. गॅसचे काम करणाराचे नाव ‘गॅस सेफ’ नोंदणीत असणे ब्रिटनमध्ये 2009 पासून कायद्याने आवश्यक आहे. त्याचे ओळखपत्र मागावे आणि कोणत्या कामाची त्याला परवानगी आहे, ते पत्राच्या मागील बाजूस वाचावे.

कारागीर आल्यावर “पाणी तापत नाही” एवढेच सांगून थांबू नये. नळ सोडल्यावर बॉयलर पेटतो की नाही, रेडिएटर तापतात की नाही, हे क्रमाने सांगावे. कुणी पाहता क्षणीच नवा बॉयलर घेण्याचा सल्ला दिला, तर कोणता भाग बिघडला आणि तो कशावरून, असे शांतपणे विचारावे. पुष्कळदा एक झडप बदलून किंवा जुडी साफ करून भागते. घरात काय घडते हे ज्याने नीट पाहिलेले असते, त्याला अकारण खर्चात पाडणे सोपे नसते.

आणि तोवर बाळाची अंघोळ? किटलीत पाणी तापवावे. टबात आधी गार पाणी घालावे, मग गरम; उलट कधीही करू नये. पाणी 37-38 अंशांचे, म्हणजे कोपराला जेमतेम कोमट लागेल असे असावे. हे मात्र इंदूरहून आलेल्या आईला कुणी शिकवावे लागणार नाही.