शस्त्रक्रियेनंतरचा घास

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



आरोग्यविषयक चार शब्द सांगावेत अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस केली, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब यांविषयी काही ऐकावयास मिळेल अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही मात्र थोडा निराळा विषय निवडला आहे. वजन उतरविण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेली माणसे आता आपल्याही घरांतून दिसू लागली आहेत. शस्त्रक्रिया यथासांग पार पडते, वजनही उतरू लागते, आणि मग घरात कुजबूज सुरू होते, "पोळीचा तुकडासुद्धा हिच्या घशाखाली उतरत नाही. हे खूळ म्हणावे की आजार?" या प्रश्नाचे उत्तर घरातील प्रत्येकास ठाऊक असले पाहिजे, कारण रोग्याचे पुढील आयुष्य कधीकधी त्यावरच अवलंबून असते.

प्रथम शस्त्रक्रियेत काय घडते ते पाहू. प्रौढ माणसाच्या जठरात साधारणपणे एक ते दीड लिटर अन्न मावते. 'स्लीव्ह' नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. तीत १०० ते १५० मिलिलिटरच मावते. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी, पिशवी ठेवून ती लहान आतड्यास जोडतात. या दुसऱ्या प्रकाराचा आरंभ अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली केला. व्रणामुळे ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढावा लागे त्यांचे वजन कमी होते व वाढत नाही, या निरीक्षणातून ती कल्पना निघाली.

परंतु जठर हे केवळ साठवणाचे भांडे नव्हे. तो आपल्या देहातील पाटा-वरवंटाही आहे. बायपासच्या त्या चिमुकल्या पिशवीस अन्न घुसळता येत नाही, आणि स्लीव्हच्या नळीस पूर्वीप्रमाणे सैल होऊन घास सामावून घेता येत नाही. म्हणून दळण्याचे सारे काम दातांवर येऊन पडते. शिवाय पहिले काही आठवडे टाक्यांच्या जागी सूज असतेच. याकरिता आहाराच्या पायऱ्या ठरविलेल्या आहेत. पहिले एक-दोन दिवस निवळ पाणी व पातळ पेये; सुमारे दोन आठवड्यांपर्यंत ताक, दूध, गाळलेले वरण; तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटून सरसरीत केलेले अन्न; त्यानंतर मऊ पदार्थ; आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू नेहमीचे घन अन्न. नेमके वेळापत्रक ज्याच्या त्याच्या शल्यविशारदाने ठरविलेले असते व तेच पाळावे. शेजारच्या घरी कोणी चौथ्या आठवड्यात भाकरी खाल्ली, हे आपण खाण्याचे कारण होऊ शकत नाही.

घन अन्न सुरू झाले की खरी परीक्षा येते. दोन घास जातात आणि तिसऱ्यास छातीच्या मध्यभागी काही अडकल्यासारखे वाटते, तोंडास फेसाळ लाळ सुटते, उचकी लागते आणि अखेर उलटी होऊन मोकळे वाटते. यांत नवलाचा भाग असा की, जे अन्न आपण मऊ व निरुपद्रवी समजतो तेच पुष्कळदा अडते. ताजा पाव आणि लुसलुशीत पोळी यांचा लाळेबरोबर पुन्हा कणकेसारखा गोळा होतो. भाताची शिते एकमेकांस चिकटून बसतात. मटण, कोरडी कोंबडी, शेवग्याची शेंग, संत्र्याची साल न काढलेली फोड यांचे तंतू तुटत नाहीत. उलट मऊ शिजलेली मुगाची डाळ, दही, रसातील अंडे, वाफवलेला पापलेट किंवा कुस्करलेले पनीर पुष्कळांस सोसते. घास नखाएवढा घ्यावा, वीस-तीस वेळा चावावा, जेवणास वीस मिनिटे तरी द्यावीत, जेवताना पाणी पिऊ नये व नंतरही अर्धा तास थांबावे. पाणी मधल्या वेळात घोट घोट घेऊन दिवसाकाठी दीड-दोन लिटर भरावे. एखादा पदार्थ आज सोसला नाही म्हणून तो कायमचा वर्ज्य समजू नये. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा थोडा घेऊन पाहावा.

येथे एका सापळ्याची सूचना देणे आम्हांस अगत्याचे वाटते. घन अन्न अडते, पण शिरा, बासुंदी, आइस्क्रीम आणि चहात बुडविलेले बिस्कीट विनासायास उतरते. घरची माणसे म्हणतात, "निदान एवढे तरी पोटात जाते आहे!" आणि रोगी त्यावरच राहू लागतो. त्यास दररोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवी असतात, ती या पदार्थांतून मिळणे नाही. मग स्नायू झिजतात, केस गळतात आणि गेलेले वजनही गोड वाटेने परत येऊ लागते. बायपास झालेल्यास तर गोडाने घाम फुटून छाती धडधडते, पोटात कळ येते. म्हणून ताटातील पहिला घास प्रथिनांचा, हा नियम सोडू नये.

आता धोक्याच्या खुणा. हळूहळू सुधारणे हा या दुखण्याचा स्वभाव आहे. जे उतरत होते तेही उतरेनासे झाले, तर ती सवयीची गोष्ट नव्हे. जोडाची जागा आकसल्याने असे होते. बायपासनंतर हे बहुधा पहिल्या तीन महिन्यांत दिसते, आणि तोंडावाटे दुर्बीण घालून लहानशा फुग्याने ती जागा रुंद करता येते. विडी, तंबाखू आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनी तेथे व्रणही पडतो. पाण्याचा घोटही टिकेनासा झाला, लघवी कमी झाली, पोटात तीव्र वेदना किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

याहून भयंकर गोष्ट वेगळीच आहे. थायमिन, म्हणजेच 'ब-१' जीवनसत्त्व, याचा साठा देहात दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, हे जावा बेटावर पाहणारे डच वैद्य आइकमन यांस १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ती उणीव याच जीवनसत्त्वाची. आमच्या पाहण्यातील एका भगिनीस शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे रोज उलट्या होत होत्या. "सवय होईल" असे घरातील सर्वांनी प्रेमानेच सांगितले. पुढे चालताना तोल जाऊ लागला, एकाची दोन माणसे दिसू लागली, बोलण्यात विसंगती आली. हा वेर्निके यांनी १८८१ साली वर्णिलेला मेंदूचा विकार होय. वेळीच थायमिन टोचले तर तो आवरतो. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. त्या भगिनी आज चालतात, परंतु सकाळी काय घडले ते संध्याकाळी त्यांस आठवत नाही. अशक्त माणसास जवळच्या दवाखान्यात नेले की ग्लुकोजची बाटली लावण्याचा प्रघात आहे. थायमिन न देता तेवढेच दिले तर हा विकार बळावतो. औषध देणे डॉक्टरांचे काम. पण "जठराची शस्त्रक्रिया झाली आहे आणि इतके दिवस उलट्या होत आहेत" हे दारातच सांगणे घरच्यांचे काम आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या पंगतीत आग्रह हे आतिथ्याचे भूषण मानले जाते आणि पानात टाकणे हा अन्नाचा अवमान समजला जातो. ज्याच्या जठरात दोन चमचे अन्न मावते, त्यास मात्र हे दोन्ही संस्कार जाच होतात. यजमानिणीचे मन मोडवत नाही म्हणून तो चौथा घास घेतो आणि मोरीशी जाऊन ओकतो. पुढे लग्नामुंजींस येण्याचेच टाळतो. अशा पाहुण्यापुढे ताट न मांडता लहान वाटी ठेवावी, त्याच्या वाटीकडे पाहत बसू नये, आणि तो थांबला की आपणही वाढणे थांबवावे. त्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा चारचौघांत करू नये. अन्नदानाचे पुण्य वाढण्यात आहे, तसे ते ओळखून हात आखडण्यातही आहे, असे आम्हांस वाटते.