कलेला वाव, ठकाला मज्जाव
(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या महाराष्ट्रात कलावंत शोधत हिंडावे लागत नाही. जत्रेतील फडावर, भजनी मंडळात, शाळेच्या स्नेहसंमेलनात तो आपणहून पुढे येतो. पूर्वी त्याची कीर्ती पंचक्रोशीपुरती राही. आज इन्स्टाग्राम, फेसबुक वा यूट्यूबवर टाकलेली लावणी किंवा पोवाडा घटकाभरात राज्याबाहेर पोहोचतो. ही संधी मोठी आहे, यात शंका नाही. परंतु ज्या वाटेने रसिक येतो त्याच वाटेने ठकही येतो. त्या ठकाविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

फसवणुकीची रीत

हा ठक स्वतःला ‘टॅलेंट मॅनेजर’ किंवा ‘कास्टिंग डायरेक्टर’ म्हणवितो. एखाद्या नामांकित चित्रपटसंस्थेचे बोधचिन्ह त्याच्या खात्यावर झळकत असते. तो आरंभी पैसे मागत नाही. तो स्तुती करतो. ‘आपल्या मुलीची मालिकेसाठी निवड झाली आहे, उद्यापर्यंत होकार कळवा,’ असा निरोप येतो. मग नोंदणी शुल्क, पोर्टफोलिओचा खर्च, ‘आर्टिस्ट कार्ड’, पोशाख आणि ‘परत मिळणारी’ अनामत अशा मागण्या एकामागून एक येऊ लागतात. रकमा प्रथम लहान असतात. भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून पालक पुढची रक्कम भरतात आणि असे करता करता खोल पाण्यात जातात. कधी अभिनयचाचणीच्या नावाखाली खाजगी छायाचित्रे मागविली जातात आणि नंतर त्यांच्याच आधारे धमक्या दिल्या जातात.

असे लोक केवळ अडाण्यांना फसवितात, हा समज खरा नव्हे. सुशिक्षित पालकही फसतात. कारण हा ठक लोभापेक्षा वात्सल्याला हात घालतो. आपल्या मुलाचे कौतुक कोणाला गोड वाटत नाही?

खऱ्याखोट्याची कसोटी

पहिली कसोटी सोपी आहे. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. खरा व्यवस्थापक आपला वाटा कलावंताला मिळालेल्या मानधनातून घेतो, काम मिळण्यापूर्वी नव्हे. दुसरी गोष्ट, नावापुढील निळ्या खुणेवर विसंबू नये. ती आता मासिक शुल्क भरूनही मिळते. संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर आपण स्वतः चौकशी करावी. निरोपात आलेल्या क्रमांकावर नव्हे. तिसरी गोष्ट, यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. ‘मानधन जमा करतो, पिन टाका’ असे जो म्हणतो तो ठकच समजावा.

मुलांच्या बाबतीत तर कायद्यानेच एक भक्कम कसोटी आपल्या हाती दिली आहे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली सुधारणा झाली आणि २०१७ साली तिचे नियम आले. त्यांनुसार चौदा वर्षांखालील बालकलाकाराला काम देण्यापूर्वी, ज्या जिल्ह्यात काम व्हावयाचे तेथील जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. मुलाच्या उत्पन्नातील किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदतठेवीत ठेवावी लागते. तेव्हा पालकांनी एवढेच विचारावे : ‘परवानगी कोणत्या जिल्ह्यातून घेणार? तिची प्रत दाखवाल काय?’ खरा निर्माता उत्तर देईल. ठक चिडेल किंवा बेपत्ता होईल.

फसवणूक झाल्यास

पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तात्काळ दूरध्वनी करावा. जितका विलंब कमी, तितकी ती रक्कम वाटेत रोखली जाण्याची शक्यता अधिक. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावरही तक्रार देता येते. निरोप, क्रमांक व पावत्या पुसून टाकू नयेत. तोच पुरावा होय. संगणकीय साधनांद्वारे तोतयेगिरी करून फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-डी खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा आहे.

मित्रहो, ठकाचा सर्वांत मोठा साथीदार म्हणजे लाज. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने घर गप्प बसते, आणि तोच ठक शेजारच्या गावात दुसरे दार ठोठावतो. त्याहून वाईट म्हणजे, फसलेल्या मुलीचा फोन काढून घेतला जातो आणि तिचे नृत्य, तिचे गाणे कायमचे बंद होते. अपराध ठकाचा आणि शिक्षा मात्र मुलीला, हा न्याय नव्हे.

म्हणून माझी विनंती अशी की, शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर १९३० हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा. पालकसभेत व ग्रामसभेत या कसोट्या वाचून दाखवाव्यात. प्रत्येक शाळेत असा एक तरी शिक्षक असावा की ज्याच्याजवळ मूल न भिता सारे बोलू शकेल. आपली मुले गात राहोत, नाचत राहोत. त्यांच्या वाटेवरचा पहारा मात्र आपण वडीलधाऱ्यांनी करावयाचा आहे.