खिडकीतल्या होल्यांची जोडी



पक्षिमित्रांच्या संमेलनात जेवणाची पाने मांडली जात असताना बोलणाऱ्या अध्यक्षाने आटोपशीर बोलावे, हा संकेत मला ठाऊक आहे. तो पाळायचा प्रयत्न करतो.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे मी दीड महिना घरात अडकलो. दुर्बीण कपाटात आणि मी खिडकीशी. नेमके त्याच वेळी बाहेरच्या एसीच्या पेटीवर ठिपकेवाल्या होल्यांच्या जोडीने घरटे मांडले. घरटे कसले, काड्यांचा पसारा! नर एकेक काडी आणून मादीपुढे ठेवायचा आणि ती बसल्या जागी ती काडी अंगाखाली सारायची. नर-मादी दिसायला सारखेच. पण मान लववून घुमणाऱ्या नराच्या शेपटीतले एक पीस तुटलेले होते, म्हणून मला दोघे वेगळे ओळखता आले. अंडी घातल्यावर सकाळी नऊ-दहाला तो बसायला यायचा, ती उडून जायची आणि संध्याकाळच्या आत परतायची. रात्रपाळी तिची. माझे वडील गिरणीत होते. पाळी बदलताना दोन माणसे एकमेकांकडे न बघता जागा कशी सोडतात-धरतात, ते मी लहानपणी पाहिले आहे. होल्यांचे अगदी तसेच चालते.

या पाळ्या कोण ठरवते? मेंदू, असे आपण झटकन म्हणतो. पण मेंदूला कोण सांगते?

या प्रश्नाच्या मागे आयुष्यभर लागलेला माणूस म्हणजे डॅनियल लेहरमन. न्यूयॉर्कमध्ये वाढलेला, लहानपणापासून पक्षी बघणारा, म्हणजे आपल्याच गोत्रातला. नेवार्कला रटगर्स विद्यापीठात त्याने पाळीव कंठवाल्या होल्यांवर काम केले. आपल्या होल्याचे ते सख्खे चुलतभाऊ. नर-मादीला पिंजऱ्यात आणून लगेच आयते घरटे आणि अंडी दिली, तर ती अंड्यांकडे ढुंकून बघत नाहीत. बसतात ती पाच-सात दिवसांनी. पण आठवडाभर एकत्र राहिलेल्या, काड्या रचून झालेल्या जोडीला अंडी दिली, तर काही तासांत ऊब द्यायला लागतात. त्या आठवड्यात शरीर आतून बदललेले असते. पुढे मादीला काचेच्या पलीकडे ठेवले. घुमणारा नर नुसता दिसला, ऐकू आला, तरी तिचे अंडाशय वाढू लागले. पलीकडे खच्ची केलेला नर ठेवला, तर तो घुमत नाही आणि तिच्यातही फारसा फरक पडत नाही. स्पर्श नाही, काही नाही. नुसत्या वागण्याने दुसऱ्याच्या ग्रंथी चालू होतात.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकांत आली आहे. मला त्यापुढची जास्त आवडते. त्याच संस्थेत मे-फांग चेंग या बाईंनी एक साधी गोष्ट हेरली. नर घुमला की काही वेळाने मादीही घुमू लागते. त्यांनी काही माद्यांच्या आवाजाच्या चेता तोडल्या. समोर नर जीव तोडून घुमतो आहे, ती बघते आहे, ऐकते आहे, पण तिला स्वतःला घुमता येत नाही. तिच्या अंडाशयात वाढ होईना. मग तिला मादीच्या घुमण्याचे ध्वनिमुद्रण ऐकवले, आणि वाढ सुरू झाली. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी मादीच्याच आवाजाला जागतात आणि तिथून पुढे संप्रेरकांची साखळी हलते, हेही पुढे दिसले. म्हणजे नर तिला घुमायला लावतो. अंड्यांची तयारी तिच्या स्वतःच्या आवाजाने होते. पन्नास वर्षे आपण नराचे गाणे लिहून घेतले. मादीचे घुमणे कितीजणांनी टिपले? मीही नाही.

आता थोडी तक्रार. अलीकडे वर्तमानपत्रांत ‘प्रेमाचे रसायन’ फार येते. ते म्हणजे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक. त्याचे पक्ष्यांमधले रूप म्हणजे मेसोटोसिन. ऑस्ट्रेलियातल्या झेब्रा फिंचमध्ये त्याचा परिणाम रोखणारे औषध दिले, की जोड्या नीट जमत नाहीत, आणि माद्यांमध्ये हे विशेष दिसते. हे खरे आहे. पण याच रसायनाच्या वाटेत अडथळा आणला, की थव्यात मिसळण्याची ओढही बदलते. तेव्हा ते प्रेमाचे वगैरे नव्हे. मेंदूला ‘कोणाजवळ बसावे’ एवढे सुचवणारी ती एक कळ आहे. जोडी बनते ती त्यानंतरच्या रोजच्या देवघेवीतून, जवळ बसण्यातून, पिसे साफ करण्यातून, हाकेला ओ देण्यातून. कलहारीच्या वाळवंटात चिमण्यांसारखे दिसणारे विणकर पक्षी आहेत. त्यांच्या अंगावर इवलासा प्रक्षेपक बसवून, निसर्गात मोकळे फिरत असतानाच, त्यांच्या मेंदूतल्या गाण्याच्या केंद्रातले संकेत टिपले गेले. त्याचा शोधनिबंध 2019 साली आला. नर गात असताना मादीने साथ धरली, की नराच्या मेंदूतल्या त्या पेशींची लय बदलते आणि दोन मेंदू एका तालात चालू लागतात. जुगलबंदी हा शब्द इथे शोभतो.

जोडी म्हटले की आपण लगेच निष्ठेवर येतो. नव्वद टक्क्यांहून जास्त पक्षिजाती जोडीने राहतात, असे पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅकने 1968 साली नोंदले. 1980 नंतर डीएनएच्या चाचण्या आल्या आणि घरट्यातले एखादे पिल्लू शेजाऱ्याचे निघू लागले. सरासरीने दहात एक. त्यावर ‘पक्ष्यांचे संसारही खोटे’ अशा मथळ्यांचा पाऊस पडला. खोटे काय त्यात? पिल्लाला भरवणारी जोडी खरीच असते. पितृत्व हा वेगळा हिशेब.

आपल्या भाषेनेही एक गंमत केली आहे. सुगरण! बहिणाबाईंपासून तुमच्या-आमच्यापर्यंत सगळ्यांनी त्या खोप्याचे श्रेय तिला दिले. खोपा विणतो नर. 1930 च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला सलीम अलींनी हे बारकाईने पाहिले. नर अर्धवट खोपा बांधून थांबतो, मादी आत शिरून तो जोखते, पसंत पडला तर राहते आणि मगच उरलेला भाग पुरा होतो. मादी अंड्यांवर बसली की नर शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. तिथे सलीम अलींना ना महागडी उपकरणे लागली, ना प्रयोगशाळा. एकाच वसाहतीवर दिवसचे दिवस नजर ठेवावी लागली.

नेमके तेच आपले सुटले आहे. आपल्या याद्या लांबतात, छायाचित्रे सुंदर येतात, पहाटे चारला निघून संध्याकाळपर्यंत शंभर जाती ‘झाल्या’ म्हणतो. त्यांतल्या कुठल्याही एका जोडीबद्दल सलग आठ दिवसांची नोंद आपल्यापैकी किती जणांकडे आहे? गुडघा दुखला नसता तर माझ्याकडेही नसती.

म्हणून या व्यासपीठावरून एवढेच मागतो. यंदा प्रत्येकाने एक जोडी धरा. होला, पारवा, बुलबुल, खिडकीतून दिसेल ती. दोघांना वेगळे ओळखता येईल अशी एखादी खूण शोधा. पाळी किती वाजता बदलते, काडी कोण आणतो, आधी कोण घुमते आणि त्यानंतर मादी घुमते का, एवढे वेळेसकट लिहा. पुढच्या संमेलनाला येताना छायाचित्रांचा पेनड्राइव्ह नाही आणला तरी चालेल. ती वही आणा.