छातीच्या हाडामागची तालीम



रांजणगावी महागणपतीच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीत आईच्या कडेवर डाउन सिंड्रोम असलेले एखादे मूल दिसते. त्याला वरचेवर सर्दी होते, कान वाहतो, खोकला छातीत उतरतो. कोणी म्हणते, ‘आईच हयगय करते’. कोणी म्हणते, ‘अशी मुले आजारीच असायची’. हे दोन्ही समज सोडले पाहिजेत, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

जॉन लँगडन डाउन यांनी 1866 मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 मध्ये तिचे कारण प्रसिद्ध केले: एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती. या जादा प्रतीचा परिणाम केवळ बुद्धीवर होत नाही. छातीच्या मधल्या हाडामागील थायमस ग्रंथीवरही होतो. वयात आल्यावर ती आक्रसत जाते, म्हणून मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. तिचे खरे कार्य जाक मिलर यांनी 1961 मध्ये दाखविले.

ही ग्रंथी म्हणजे शरीराची तालीमच होय. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशी येथे दोन डाव शिकतात: परका जंतू ओळखावयाचा आणि घरच्यावर हात टाकावयाचा नाही. डाउन सिंड्रोममध्ये ही तालीम लहान असते, तिची घडण वेगळी असते आणि तयार होऊन बाहेर पडणाऱ्या पेशी थोड्या असतात. वारंवारच्या आजारांनी ती झिजते, असे पूर्वी वाटे; परंतु गर्भातही ती लहान आढळली आहे. तेव्हा आईला बोल लावण्याचे कारण नाही. पहिला डाव कच्चा राहिला, की न्यूमोनिया बळावतो. दुसरा कच्चा राहिला, की शरीर आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर उठते.

तालीम बदलता येत नाही. पहारा मात्र वाढविता येतो. एकही लस चुकवू नये. न्यूमोकोकल लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आहे. तापात धाप लागली, तर उद्यावर न ढकलता डॉक्टर गाठावा. थायरॉइडची तपासणी दरवर्षी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत व शाळेत येतात, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत डाउन सिंड्रोमही आहे. पथक येईल त्या दिवशी हे मूल घरी ठेवू नये. सर्वांआधी पुढे न्यावे. आणि शेजाऱ्यांनी त्या आईला बोल लावण्याऐवजी दवाखान्यापर्यंत सोबत करावी, एवढी आमची विनंती आहे.